टाइमशीट खरी भरली तर काय होईल?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याचा एक तरुण, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेला, पर्वरीच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षं आहे. हल्लीच मॉड्यूल लीड झालाय. ग्राहक अमेरिकेतला. ऑफर लेटरमध्ये शिफ्ट दुपारी बारा ते रात्री नऊ, पण घरी पोचायला रोज एक-दीड वाजतो. टाइमशीटमध्ये, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीत, मात्र आठच तास भरायचे, असा तोंडी हुकूम. वर त्याच्या टीममध्ये एक नाव असं आहे, की तो माणूस या प्रोजेक्टवर कामच करत नाही. तरी त्याचे आठवड्याचे चाळीस तास मंजुरीला याच्याकडेच येतात. मॅनेजर म्हणतो, ‘सगळीकडे असंच चालतं.’ घरचे म्हणतात, सरकारी जागा निघाल्यात, अर्ज भर. त्याचं विचारणं असं: प्रामाणिकपणा फक्त वरच्या पदावरच्यांना परवडतो का? आणि या सगळ्यात घर, तब्येत, माणसं सांभाळायची कशी?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे, आणि ते म्हणजे तुमची टाइमशीट. मी या धंद्यात बरीच वर्षं काढली. सुरुवात वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यांच्या सॉफ्टवेअरपासून, मग पुणे, आता परत गोव्यात. टीम चालवल्या, एस्टिमेटं (कामाला किती तास लागतील याचे अंदाज) दिली, शेकड्यांनी टाइमशीटा मंजूर केल्या. तेव्हा हा कागद आतून कसा चालतो ते आधी सांगते, सल्ला नंतर.

समजा, एक काम ४०० तासांत होईल असं सांगून कंपनीने ठरावीक रकमेवर घेतलं. प्रत्यक्षात ६०० लागले. तुम्ही सगळ्यांनी मिळून नोंदवले ४००, कारण रोजचे आठच भरायचे. सहा महिन्यांनी तसंच काम पुन्हा येतं. एस्टिमेट करणारा जुना आकडा काढतो. चारशे तास, आणि वेळेत पूर्ण! सेल्सवाला म्हणतो, मागच्या वेळी चारशेत झालं, आता टीमला अनुभवही आहे, साडेतीनशेत बसवूया. उरलेले अडीचशे तास कुठून येणार? तुमच्या झोपेतून. आणि गंमत अशी, की तुमच्या मॅनेजरला वाटतं त्याने प्रोजेक्ट वाचवला. त्याने वाचवला खरा, पण पुढचा आधीच बुडवून ठेवला.

तासावारी बिल होणाऱ्या कामात उलटं होतं. तिथे न केलेले तास छापले जातात. बेंचवर बसलेल्या, म्हणजे सध्या हातात प्रोजेक्ट नसलेल्या माणसाचा पगार कुठून तरी काढायचा असतो, म्हणून त्याचं नाव चालू प्रोजेक्टवर टाकतात. तुमच्याकडे दोन्ही प्रकार एकाच वेळी चाललेत. केलेले तास कागदावर येत नाहीत आणि न केलेले येतात. दोन्ही एकाच स्क्रीनवर, एकाच शुक्रवारी संध्याकाळी. म्हणजे तुमच्या रात्रींचा प्रश्न आणि तुमच्या सहीचा प्रश्न वेगळे नाहीतच. कंपनीच्या दप्तरी तुमचा दिवस नऊला संपतोय. जो त्रास दप्तरी नाही तो कमी करायला माणूस कोण देणार, आणि का देणार?

आता प्रामाणिकपणा परवडतो का, याचं उत्तर. डॉक्टरांना मेडिकल कमिशन आहे, वकिलांना बार कौन्सिल आहे. आपल्या धंद्यात नाव काढून टाकतील असं रजिस्टरच नाही. संगणक व्यावसायिकांच्या एसीएम आणि आयईईई या दोन मोठ्या संघटनांनी मिळून १९९९ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरांसाठी एक आचारसंहिता केली. त्यात आठ तत्त्वं आहेत. पहिलं जनतेचं हित. ग्राहक आणि मालक दुसऱ्या नंबरावर. हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. आणि तिसऱ्या तत्त्वाखाली एक कलम आहे ते फारसं कोणी वाचत नाही: खर्च, मुदत, माणसं यांची एस्टिमेटं वास्तव असली पाहिजेत. म्हणजे एस्टिमेट खोटं देणं ही नुसती व्यवहारातली चूक राहत नाही, धंद्याच्या नीतीतच ती गैर धरलेली आहे. ही संहिता पाळायला कोणी भाग पाडत नाही, हे खरं. पण ‘सगळीकडे असंच चालतं’ म्हणणाऱ्याला निदान एवढं दाखवता येतं, की या धंद्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं काही वेगळंच आहे.

‘मी तर सांगितलं ते केलं’ या आधारावर फार विसंबू नका. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण २०१५ मध्ये फुटलं. प्रदूषण तपासणी चालू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. अमेरिकेत त्यात जेम्स लिआंग नावाच्या इंजिनिअरला २०१७ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. तो कंपनीचा मालक नव्हता, संचालकही नव्हता. तुमचं प्रकरण त्या मापाचं नाही, उगाच घाबरवत नाही. पण कामाची वाट तीच असते. तोंडी हुकूम देणाऱ्याचं नाव कुठेच राहत नाही, लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, राहतं ते बटण दाबणाऱ्याचं.

दुसरं उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट खात्याचं, आणि ते मला जास्त बोचतं. होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली १९९९ पासून तिथल्या टपाल कचेऱ्यांत बसवली. हिशेबात तूट दिसली की कचेरी चालवणाऱ्यावर चोरीचा आळ. ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काही देशोधडीला लागले. सॉफ्टवेअरमध्ये बग, म्हणजे चुका, होत्या, आणि माहीत असलेल्या बगांची यादीसुद्धा पुरवठादाराकडे ठेवलेली होती. प्रणालीत दोष आहेत हे उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हणायला डिसेंबर २०१९ उजाडला, आणि उरलेल्यांना निर्दोष ठरवायला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. नोंद होती, पण जिथे दाखवायची तिथे दाखवली नाही. एवढ्यावर माणसांची वीस वर्षं गेली.

म्हणून पहिलं काम: त्या न दिसणाऱ्या माणसाची टाइमशीट मंजूर करायचं थांबवा. रिजेक्ट करू नका, आरोपही करू नका. पेंडिंग राहू द्या आणि मॅनेजरला दोन ओळींची मेल टाका: ‘या आठवड्यात अमुक यांनी आमच्या मॉड्यूलवर केलेलं काम माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे मला मंजुरी देता येत नाही. काम दुसऱ्या मॉड्यूलवर झालं असल्यास कृपया त्या लीडकडे पाठवावं.’ बस. ‘खोटं’, ‘फसवणूक’, ‘नैतिक’ यातला एकही शब्द नको. अशी मेल गेली की बहुतेक वेळा वादावादी होत नाही. मंजुरी गुपचूप मॅनेजरच्या स्वतःच्या खात्याकडे वळते. त्याने कंपनी सुधारत नाही, ग्राहकाचं नुकसानही थांबत नाही, हे मान्य. पण तुमची सही त्यातून निघाली. आणि कुणी तरी हे लेखी बघतंय एवढं कळल्यावर पुढच्या वेळी नाव टाकताना हात थोडा अडखळतो.

दुसरं काम तुमच्या स्वतःच्या तासांचं. इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण मॅनेजर तो नेहमी पुसून टाकतात. जादा तासांचं बिल ग्राहकाला लावायचं की नाही, हा कंपनीच्या धंद्याचा निर्णय आहे आणि त्यात तुम्ही पडू नका. पण झालेले तास नोंदवायचे की नाही हा निर्णय कुणाचाच नाही, ते झालेले आहेत. बहुतेक सिस्टिमांमध्ये नॉन-बिलेबल, म्हणजे ग्राहकाला बिल न लावायच्या तासांचा, रकाना असतो. मॅनेजरला विचारा, ‘ग्राहकाच्या पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरीत) आठच तास बसतात हे समजलं, बाकीचे मी नॉन-बिलेबलमध्ये टाकू का?’ प्रश्न मेलवर विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर तुमचं काम झालं, पुढचं एस्टिमेट करणाऱ्याला खरा आकडा मिळेल. ‘नाही’ असं लेखी कोणी देत नाही. फोन येतो. फोन झाला की परत मेल: ‘आताच आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे या आठवड्याचे आठच तास भरतोय, प्रत्यक्ष काम अमुक तास झालं.’ सूर साधा ठेवा, पोस्टमन पत्र टाकतो तसा. या मेलीत टोमणा आला की तिचा उपयोग संपला.

औषध कारखान्यांची सॉफ्टवेअरं तपासायच्या कामाने मला एक सवय लावली ती इथे सांगते. अमेरिकेत माल पाठवणाऱ्या कारखान्याला तिथल्या औषध नियामकाचा, एफडीएचा, १९९७ सालचा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम लागतो. नोंद कोणी केली ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, मूळ असली पाहिजे, अचूक असली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे काम होताना त्याच वेळी केलेली असली पाहिजे. दुपारी तीनला केलेली चाचणी संध्याकाळी सहाला ‘तीन वाजता’ म्हणून लिहिली, तर रिझल्ट बरोबर असला तरी ती नोंद गैर. वेर्ण्यात हे शिकलेला ऑपरेटर हातातलं काम थांबवून घड्याळ बघतो आणि मग लिहितो. आणि तिथून गाडीने थोड्याच अंतरावर आपण सॉफ्टवेअरवाले शुक्रवारी साडेसहाला आठवडाभराचे तास आठवून आठवून भरतो, सोमवारी ८, मंगळवारी ८, बुधवारी ८. कारखान्यात असला कागद इन्स्पेक्टरने पहिल्या फटक्यात बाजूला काढला असता. रोज एकसारखा आकडा हीच शंकेची जागा.

तर एक वही करा. कागदाची, किंवा स्वतःच्या फोनमध्ये. तारीख, सुरू कधी, संपलं कधी, आणि नऊनंतर थांबावं लागलं तर कारण. कारण चार शब्दांत. ग्राहकाचं नाव, तिकिटाचा (नोंदवलेल्या कामाचा) मजकूर, स्क्रीनशॉट यातलं काही त्यात नको, आणि ऑफिसची मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करायची तर मुळीच नाही. पुरावा गोळा करायच्या नादात गोपनीयतेचा करार मोडला, तर चोर सोडून तुम्हीच सापडाल. करार मोडून कुणाची वैयक्तिक माहिती बाहेर गेली तर आयटी कायद्यात त्यासाठी कलम ७२अ आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचं.

महिन्याभराने त्या वहीतला कारणांचा रकाना वाचा. माझ्या टीममधल्या पोरांना मी हे करायला लावते, आणि बहुतेकांना धक्का बसतो. रात्रीचे तास काम करण्यात कमी आणि वाट बघण्यात जास्त गेलेले असतात. ‘क्लायंटच्या उत्तरासाठी थांबलो.’ ‘ॲक्सेस नव्हता.’ ‘कॉल पुढे ढकलला.’ ‘सगळे थांबले होते म्हणून.’ हे शेवटचं कारण लिहायला लाज वाटते, पण लिहाच.

वाट बघण्यावर उपाय आहेत. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते त्यांची घड्याळं मागे करतात आणि तोच कॉल साडेसातला येतो. तुम्हाला कोणी विचारलेलं नसतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, चार महिन्यांहून जास्त, रोजचा तास गेला. ग्राहक कॅलिफोर्नियाचा असेल तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि हिवाळ्यात साडेदहा. म्हणून नियमित कॉल भारतीय वेळेवर बांधून घ्यावा, तोही काम सुरू होतानाच. कॅलेंडरमधलं निमंत्रण कुठल्या टाइमझोनवर टाकलंय, एवढ्या एका सेटिंगने हिवाळाभराच्या संध्याकाळी वाचतात. अमेरिकन माणूस याला सहसा ना म्हणत नाही. त्याला ठाऊकच नसतं, कारण आपल्याकडून आजवर कोणी सांगितलेलं नसतं.

आणि हँडओव्हर नोट, म्हणजे काम पुढे सोपवताना ग्राहकाला पाठवायची टिपणी, लिहायला शिका. अर्ध्या पानाची, संध्याकाळी सहाला. काय झालं, काय अडलंय, कोणत्या दोन प्रश्नांची ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तरं हवीत, आणि उत्तर न आल्यास उद्या मी काय धरून पुढे जाईन. हे शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. ते लिहिलं की रात्री थांबायचं निम्मं कारण जातं. चांगली नोट लिहिणाऱ्या माणसाला कॉलवर बोलवायची गरज पडत नाही. आपली मुलं कोडवर चार दिवस मेहनत घेतील, पण या अर्ध्या पानाचा त्यांना कंटाळा.

थकव्याबद्दल जरा कडक बोलते. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोकं, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंद होतात, असं १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. आपल्या मोटर वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. तुम्ही सकाळी सातला उठला असाल तर रात्री बाराला सतरा तास भरले. त्यानंतर तुम्ही स्कूटर काढता, मांडवी ओलांडता, बायपासने जुनं गोवं, बाणस्तारीचा पूल, म्हार्दोळ, आणि पावसाळ्यात हे सगळं धो धो पावसात. त्या वेळी बस नाही, टॅक्सीचे भाव परवडत नाहीत. तुमच्या पूर्ण प्रश्नात या रस्त्याबद्दल तुम्ही अर्धं वाक्य लिहिलंय. मला विचाराल तर सगळ्यात आधी सोडवायची गोष्ट ही आहे. नऊनंतर थांबवलं तर कंपनीने गाडी द्यावी, हे लेखी मागा. टीममध्ये मुली असतील तर त्यांच्यासाठी ही व्यवस्था कंपनीला तशीही करावी लागते, त्याच गाडीत तुम्ही बसा.

त्याच थकलेल्या डोक्याने आपण प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतो त्या प्रणालीवर, कोड चढवतो. रात्री बाराला दुसऱ्याचा कोड रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, आला की माणूस दोनशे ओळी न वाचता ‘ठीक आहे’ टाकतो. गोव्यातलंच एक उदाहरण घ्या, हॉटेलांच्या सॉफ्टवेअरचं. इथे ते काम भरपूर असतं. परदेशी पाहुणा आला की हॉटेलने २४ तासांत त्याची माहिती कळवायची, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. म्हणून प्रत्येक हॉटेलच्या डेटाबेसमध्ये पासपोर्टांचे स्कॅन पडलेले असतात. दिवसा कोणी विचारलं तर टेस्टिंगसाठी खोटा डेटा बनवायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. रात्री अकराला बग सापडत नाही तेव्हा कोणी तरी प्रॉडक्शनचा बॅकअप आपल्या लॅपटॉपवर उतरवतो. बग सापडतो. बॅकअप पुसायचा राहतो. तो लॅपटॉप मग पाठीवरच्या पिशवीतून फोंड्याला जातो, म्हापशाला जातो, शनिवारी मित्राच्या खोलीवर जातो, आणि त्यात हजारो माणसांचे पासपोर्ट असतात. यात वाईट हेतू कुणाचाच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा मात्र हेतू विचारत बसत नाही. सुरक्षेत ढिलाई केल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. दंड कंपनीला होईल, पण बॅकअप कोणी उतरवला ते लॉगमध्ये असेल. माझ्या पाहण्यातली धंद्यातली बहुतेक गैर कामं अशी दमलेल्या, चांगल्या मुलांनी केलेली आहेत.

म्हणून कुणी मोठा माणूस आठवड्याला ७० तास, ९० तास काम करा म्हणतो, इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये म्हटलं, एल अँड टीच्या अध्यक्षांनी २०२५ मध्ये, तेव्हा मला राग येण्यापेक्षा एक साधी शंका येते: शेवटच्या वीस तासांत केलेलं काम तपासलं कोणी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला. मूर्तींनी स्वतःची कंपनी उभी करताना काढलेले तास आणि दुसऱ्याच्या कंपनीत न नोंदवलेले तास, यांची तुलना करायची तर आधी शेअरचे कागद दाखवावे लागतील.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलायचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झालेला नाही. तेव्हा जे मिळवायचं ते करारात आणि कॅलेंडरमध्येच.

कॅलेंडरवरून चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठवली. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मी हाच तमाशा बघते. अर्धी टीम गावच्या घरी गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधायला जायला निघालेली, आणि त्याच आठवड्यात रिलीज. मग कोणी तरी गणपतीसमोर लॅपटॉप उघडून बसतो आणि आजी विचारते, आरतीला तरी उठशील ना? ग्राहकाचा यात काडीचा दोष नाही. त्यांचं थँक्सगिव्हिंग, त्यांचा ख्रिसमस प्रोजेक्ट प्लॅनमध्ये जानेवारीपासून छापलेला असतो. आपली चवथ आपण ऑगस्टमध्ये, चाचरत, रजेचा अर्ज म्हणून सांगतो. ती जानेवारीत, त्याच प्लॅनमध्ये, ‘गोवा टीम उपलब्ध नाही’ म्हणून पाच दिवस टाका. नातालात तर बहुतेक ग्राहक नोव्हेंबरअखेरपासून कोड फ्रीज ठेवतात, म्हणजे चालू सॉफ्टवेअरमध्ये बदल बंद. तुमची साठलेली रजा तेव्हा काढा, कोणाचं काही अडत नाही.

घरून काम करायची सोय मिळाली तर ती सरसकट चांगलीच, असं समजू नका. मुंबई-बंगळुरूहून येऊन हणजूणला खोली घेऊन काम करणाऱ्याला कोणी हाक मारत नाही. तुमचं घर गावात आहे. ‘घरीच आहेस ना’ म्हणून सिलिंडर उतरवून घ्यायला तुम्ही, मावशीचं पासबुक भरायला तुम्ही, आणि पावसात दुपारी वीज गेली की रात्री दोनपर्यंत भरपाई करायला पण तुम्हीच. आठवड्यातले दोन दिवस घर आणि बाकी ऑफिस, असं मागून बघा. आणि घरच्यांना एकदा शिफ्टची वेळ नीट समजावून सांगा. मॅनेजरला आपण स्लाइड दाखवतो, आईला मात्र ‘काम आहे गे’ एवढ्यावर भागवतो.

सरकारी नोकरीचं. आवड असेल तर जरूर अर्ज करा, गोव्यात त्या नोकरीला मान आहे आणि संध्याकाळही मिळते. पण सहीच्या प्रश्नातून सुटका म्हणून जाणार असाल तर थांबा. तिथे कागद जास्त आणि सह्याही जास्त.

आता नोकरी बदलायची वेळ आली तर. वर सांगितलेल्या दोन मेलीनंतर तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही, किंवा अप्रेझलमध्ये ‘ॲटिट्यूड’ हा शब्द आला, तर निघा. क्रम मात्र सांभाळा: आधी दुसरी ऑफर हातात, मग वर तक्रार. गोव्यातलं आयटी म्हणजे पाटो ते पर्वरी, सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. तुमच्या मॅनेजरचा चुलतभाऊ कदाचित पुढच्या कंपनीत तुमचा इंटरव्ह्यू घेईल. याचा धाक जसा तुम्हाला आहे तसा मॅनेजरलाही आहे, हे लोक विसरतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने तक्रारीची स्वतंत्र यंत्रणा ठेवावी लागते. लहान कंपनीत ती नसते. मोठ्या अमेरिकन ग्राहकांच्या करारात पुरवठादारांसाठी आचारसंहिता आणि तक्रारीचा फोन बऱ्याचदा असतो, पण त्या मार्गाने गेलात तर अख्ख्या टीमचं काम जाऊ शकतं, तुमच्या मित्रांसकट. ते शेवटचं पाऊल. ते उचलायचंच नाही असं मी म्हणत नाही. उचलण्याआधी त्या चार-पाच जणांशी बोला.

बाँडवर सही केली असेल तर तो कागद वकिलाला दाखवा, नुसत्या धमकीला भिऊन बसू नका. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे याच क्षेत्रात काम करायचं नाही, ही अट करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. पण अमुक वर्षं थांबा नाही तर अमुक रक्कम भरा, हा बाँड टिकू शकतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. मूळ सर्टिफिकेटं कंपनीकडे ठेवली असतील तर राजीनाम्याआधी काही तरी निमित्ताने परत मागून घ्या, पासपोर्टसाठी हवीत म्हणा, आणि खरंच पासपोर्टचा अर्ज भरा. नोटीस तीन महिन्यांची असेल तर रिलीव्हिंग लेटरची तारीख राजीनामा स्वीकारल्याच्या मेलीतच लिहून घ्या. आणि त्या तीन महिन्यांत तुमचे तास जेवढे होतील तेवढेच भरा. तेव्हा कोणी अडवत नाही.